शेजारच्या खोलीत, ताई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात रोज ‘आजचे कार्यक्रम’ असं एक बारीक टायपातलं सदर असतं. व्याख्यान, पुस्तक प्रकाशन, रक्तदान शिबिर, निवृत्तांचा मेळावा. बहुतेक वाचक त्यावरून नजर फिरवून पान उलटतात. मी मात्र ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, कारण असल्याच मजकुराची मुद्रितं तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. ‘सायं. ६’च्या जागी ‘स. ६’ पडलं, की माणसं बंद सभागृहासमोर जाऊन उभी राहतात. त्या सदरात दोन ओळींची भर घालावी, एवढ्याच विनंतीसाठी हे पत्र. दोन ओळींसाठी इतका कागद का खर्च केला, ते पुढे कळेल. (आणि हो, पत्रात बोलीतले अनुस्वार आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांचे काढत आले. हे माझे आहेत, राहू द्यावेत.)

मी मद्यपाशी आहे. दारू सुटून आज एक्केचाळीसावा महिना चालू आहे.

आपल्या बातम्यांत हा शब्द येत नाही. तिथे येतो ‘दारुडा’. दारुड्या पतीने, दारुड्या मुलाने, दारुड्या चालकाने. मी स्वतः हा शब्द शेकडो वेळा तपासून पुढे पाठवला आहे. ‘रु’ ऱ्हस्व की दीर्घ एवढंच पाहिलं, शब्दाकडे पाहिलं नाही. पण त्या सव्वीस वर्षांत ‘दारुडी’ हे रूप माझ्या हाताखालून एकदाही गेल्याचं आठवत नाही. मी पीत होते त्या दिवसांत याचा मला फार आधार होता. ज्याला छापील शब्दच नाही, ते मी असणार कशी?

घरी रात्री मुद्रितं तपासायला आणायची, कोशांच्या कपाटात दुसऱ्या खंडामागे बाटली ठेवायची, असा माझा क्रम होता. कोशाला हात लावणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. पहिली काही वर्षं कामात चूक झाली नाही, आणि चूक होत नाही म्हणजे सगळं ठीक आहे हा माझा हिशोब होता. मग एका शोकसभेची तारीख माझ्या नजरेतून सुटली. सभा होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी काही माणसं तिथे पोचली. त्यात गेलेल्या गृहस्थांच्या धाकट्या बहिणीही होत्या. त्यांनी फोन करून फक्त विचारलं, ‘हे कोण तपासतं?’ त्या रात्री मी सगळी दारू मोरीत ओतली आणि कोणालाही न सांगता थांबले.

हे करू नये. पत्रात बाकी काही छापलं नाही तरी हे छापा. बरीच वर्षं रोज पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी, एकट्याने, एकदम दारू तोडणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या ४८ तासांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रमाची अवस्था येऊ शकते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतोही. मला दुसऱ्या रात्री घाम फुटला, हात इतके थरथरले की पेन्सिल धरवेना, आणि मग भिंतीवरून अक्षरं चालताना दिसू लागली. छान सुट्या टायपातली, उलटी. मी ती वाचायचा प्रयत्न करत होते, असं यजमान सांगतात. त्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. तिथे देखरेखीखाली औषधं देऊन, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन, आठवड्याभरात मला उभं केलं. शरीरातून दारू काढणं हे डॉक्टरांचं काम आहे. मीटिंगचं काम त्यानंतर सुरू होतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे दोन अक्षरं लिहिली : ए. ए. म्हणाले, ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस. एक मीटिंग गाठा.’ पत्ता लिहिला नाही. त्यांना तो माहीत नसावा.

मग शोध. पहिला नंबर लावला तो एका घरी लागला. बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, ‘हा नंबर आता आमचा आहे, पण तुमच्यासारखे फोन अजून येतात हो.’ दुसरा पत्ता एका शाळेचा निघाला. रखवालदार म्हणाला, ते लोक केव्हाच दुसरीकडे गेले. कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं. तिसरी माहिती एका सूचनाफलकावर मिळाली. तिच्यावर दुसरा कागद टाचलेला होता आणि वार झाकला गेला होता. वेळ होती, वार नव्हता. मी सात वार लागोपाठ त्या वेळी तिथे जाईन असं ठरवलं आणि एकाही वारी गेले नाही. प्यायला कारण हवं असलेल्या माणसाला पत्ता न मिळणं हे फार सोयीचं कारण असतं. दर चुकीच्या नंबरानंतर मला मनातून थोडं बरंच वाटायचं.

शेवटी एक नंबर लागला. पलीकडच्या गृहस्थांनी नाव विचारलं नाही, वार आणि वेळ सांगितली, आणि म्हणाले, ‘दहा मिनिटं आधी या, खुर्च्या मांडायला मदत होईल.’ पाहुण्याला कामाला लावणारं हे आमंत्रण मला आवडलं. काहीतरी करायला आहे म्हटल्यावर जाता आलं.

गेले. दारातच एक जण खुर्च्या उघडत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, नीटनेटकी साडी पाहिली, पांढरे केस पाहिले, आणि अतिशय आदराने म्हणाला, ‘अल-ॲनॉन शेजारच्या खोलीत, ताई.’

अल-ॲनॉन म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा समूह. ए. ए.च्या दोघा संस्थापकांपैकी एकाची, बिल विल्सन यांची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये आणखी एका बाईंसोबत त्याची घडी बसवली. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी ‘बरं’ म्हटलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसले. माझी खोली ती नव्हे, हे कळत होतं. पण सांगायला तोंड उघडलं नाही.

तिथे सात बायका आणि एक म्हातारे वडील होते. आळीपाळीने बोलत होते. एक म्हणाली, नवरा जिना चढताना पायांचा आवाज ऐकून किती झाली ते मला कळतं, अजून कळतं, त्याला सोडून दोन वर्षं झाली तरी. वडील मुलाच्या खोलीबाहेर बसून श्वास ऐकायचे. आणि एक शिक्षिकेसारखी बाई म्हणाली, ‘मी बाटलीवर पेन्सिलीने खूण करायचे. लेबलच्या कडेला, बारीक. सकाळी बघायचे किती उतरली.’ बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी कधी ना कधी केलेलं.

माझी पाळी आली. ‘मी फक्त ऐकते’ म्हटलं, ते चाललं. तिथे कोणी कोणाला बोलायचा आग्रह करत नाही.

घरी येऊन मी कपाटामागे हात घातला. एक रिकामी बाटली ओतण्यातून राहून गेली होती. लेबलच्या कडेला एकाखाली एक निळ्या रेघा होत्या, फार सुबक. माझ्याच मुद्रितांची निळी पेन्सिल. म्हणजे कोशांना हात लावणारं घरात दुसरं माणूस होतं. यजमान बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकत होते. बाटली घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले तर त्यांनी आवाज कमी केला, इतकंच म्हणाले, ‘लिहून ठेवलं की भांडावं लागत नाही.’

खुर्च्या उघडणाऱ्या त्या भल्या माणसाने मला चुकीच्या खोलीत पाठवलं नसतं, तर हे कधी कळलं असतं कोण जाणे. म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. पण माझ्या जागी दुसरी कोणी असती, तर ‘ताई’ ऐकून मागच्या मागे घरी गेली असती आणि परत आली नसती. अशा किती गेल्या असतील?

पुढच्या आठवड्यात मी बरोबर खोलीत शिरले. चौदा पुरुष. तोच माणूस उठून काही सांगणार, तेवढ्यात म्हटलं, ‘माझी हीच खोली.’ त्याने शेजारची खुर्ची ओढून दिली. मी नाव सांगितलं, पुढचे दोन शब्द सांगितले. त्यांनी ‘धन्यवाद’ म्हटलं आणि पुढच्याकडे वळले. मी आभाळ कोसळायची वाट पाहत होते, आणि तोपर्यंत तिघं बोलून झाले होते.

ज्यांना मीटिंग म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव सांगावं लागत नाही. शेवटी एक पेटी फिरते, सभासद आपल्या खुशीने काही टाकतात. बाहेरची देणगी समूह घेत नाही. सभासद व्हायला एकच अट : पिणं थांबवायची इच्छा. थांबवलेलं असण्याची अट नाही. मीटिंग खुली असेल तर कोणीही येऊन बसू शकतो. बंद असेल तर ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे त्यानेच यायचं. बोलणाऱ्याला मधे तोडत नाहीत, तो बोलल्यावर सल्ला देत नाहीत. हे मला सगळ्यात जड गेलं. वाक्य संपायच्या आत दुरुस्ती सुचवण्याची सव्वीस वर्षांची सवय. पहिले तीन महिने मी जीभ दाताखाली धरून बसत असे. आणि जुनी माणसं सांगतात ते ‘फक्त आजचा दिवस’. उद्याचं उद्या. एक्केचाळीस महिने मी कधीच न पिण्याचं वचन दिलेलं नाही.

याने गुण का येतो, याबद्दल माझं आपलं एक मत आहे. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. दहा वेळा वाचलं तरी डोळा जे असायला हवं तेच वाचतो. तोच कागद शेजारच्या टेबलावर दिला की पहिल्याच ओळीत सापडते. खोलीत दुसरा कोणी त्याचं सांगत असतो, ‘मी फक्त शनिवारी प्यायचो, आणि शनिवार बुधवारपासून सुरू व्हायचा,’ आणि मला माझी ओळ दिसते. त्यांच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारू सोडलेल्याने क्रमाने करायच्या गोष्टींत, ‘आपल्यापेक्षा मोठी शक्ती’ आणि ईश्वर येतो. माझा देवाशी फारसा संबंध नाही. मी दुसऱ्याच्या डोळ्यांवर भागवते, आणि त्यावर तिथे कोणी हरकत घेतलेली नाही. ज्यांना तेवढंही नको असेल त्यांच्यासाठी १९९४ पासून चालत आलेलं ‘स्मार्ट रिकव्हरी’ आहे. त्यात देव नाही, विचार आणि सवयी बदलण्याचे व्यायाम आहेत. केवळ बायकांसाठी म्हणून जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७०च्या दशकात सुरू केलेला ‘विमेन फॉर सोब्रायटी’ हा समूहही आहे. रस्ता एकच आहे असं छातीवर हात ठेवून सांगणारे सभासद मला भेटले आहेत. त्यांचं मी ऐकून घेते.

आकडे हवे असतील तर कॉक्रेन या वैद्यकीय आढावा घेणाऱ्या संस्थेचा २०२० सालचा अहवाल आहे. २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. माणसांना पद्धतशीरपणे ए. ए.कडे वळवणारे उपचार हे सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले, बाकी बाबतींत साधारण बरोबरीचे. म्हणजे चमत्कार नाही, पण थट्टेचा विषयही नाही.

सगळंच गोड नाही. चाळीस मिनिटं बोलणारे असतात. एकदा एकाने दुसऱ्याला सांगितलं, ‘डॉक्टरच्या गोळ्या टाकून दे, त्याही नशाच.’ हे धोकादायक आहे आणि त्यांच्याच नियमाविरुद्ध आहे. सभासदाने डॉक्टर बनू नये, असं ए. ए.चीच पुस्तिका बजावते. मी मीटिंग संपल्यावर त्याला तसं सांगितलं. दुरुस्तीची सवय पूर्ण गेलेली नाही.

सातव्या महिन्यात मी एकदा प्यायले. त्याबद्दल एवढंच की दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्च्या मांडायला गेले, आणि कोणी काही विचारलं नाही. मोजणी पुन्हा एकपासून. एक्केचाळीस आहेत ते त्या दिवसापासूनचे.

बाई म्हणून जे अडतं ते मात्र विस्ताराने सांगायला हवं. चौदा पुरुषांसमोर मी कामातल्या चुकांबद्दल बोलू शकत होते. रात्री मुलगी तापाने फणफणली होती आणि मी उठले नाही, हे बोलू शकत नव्हते. पुरुषांनी असलं काही सांगितलं की खोली हळहळते. माझ्याबाबतीत खोली कशी गप्प होईल ते मला आधीच ऐकू येत होतं. ए. ए.मध्ये जुन्या सभासदाने नव्याचा हात धरायचा असतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. शक्यतो बाईला बाई, पुरुषाला पुरुष, असा शहाणपणाचा संकेत आहे. इथे बाईच नव्हती. कोणीतरी दूरच्या गावच्या एका बाईंचा नंबर दिला, आणि आठ महिने माझी स्पॉन्सर म्हणजे रात्री साडेनऊचा एक आवाज होता. तापाची गोष्ट मी तिला सांगितली. ती म्हणाली, ‘माझ्याकडे दोन मुलं होती,’ आणि मग आम्ही दोघी बराच वेळ फोन धरून गप्प बसलो.

बायका पीत नाहीत म्हणून बायका येत नाहीत, असं समजू नका. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं. तेवढ्याच दारूने तिच्या रक्तात दारूचं प्रमाण जास्त चढतं, आणि यकृतही तुलनेने लवकर बिघडतं. म्हणजे तिच्याकडे वेळ कमी, आणि ती दारापर्यंत पोचते उशिरा. अमेरिकेत १९४४ मध्ये मार्टी मान नावाच्या बाईंनी दारूचं व्यसन हा आजार आहे हे सांगायला एक समिती काढली आणि भर सभांतून स्वतःबद्दल बोलल्या. ए. ए.मधून बऱ्या झालेल्या अगदी पहिल्या बायकांपैकी त्या एक. आमच्या खोलीत बाई यायला माझ्यानंतर पंधरा महिने लागले. ती दारात आली तेव्हा खुर्च्या मांडायची पाळी माझी होती. तिनेच घाईने विचारलं, ‘घरच्यांची खोली कुठली?’ मी म्हटलं, ‘शेजारची. पण इथे बसलीस तरी चालेल.’ ती बसली. आता गुरुवारी आम्हा बायकांची वेगळी मीटिंग असते. पाच जणी.

वर्तमानपत्राने यात काय करावं, असं आपण विचाराल. ए. ए. हा समूह मुळात भिंतीवरच्या एका यादीतून जन्माला आला. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन कामानिमित्त अमेरिकेतल्याच ॲक्रन नावाच्या परक्या गावी होते, दारू सोडून पाच महिने झाले होते, हातातलं काम फसलं होतं. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला गावातल्या चर्चची यादी. त्यांनी यादी बघून फोन करायला सुरुवात केली, एकाकडून दुसऱ्याकडे, आणि त्यातून डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला ती तारीख १० जून १९३५, तीच संस्थेची स्थापना मानतात. ती यादी जुनी असती तर?

पुढचं काम वर्तमानपत्रांनी आणि साप्ताहिकांनी केलं. १९३९ मध्ये क्लीव्हलँडच्या ‘प्लेन डीलर’ने लेखमाला छापली आणि तिथला छोटासा गट चौकश्यांनी गांगरून गेला. १ मार्च १९४१ च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला. बुवा संशय घेऊनच गेले होते. वर्षाच्या सुरुवातीला दोन हजारांच्या आसपास असलेली सभासदसंख्या वर्षअखेरीस आठ हजारांवर गेली. मी लेखमाला मागत नाही. दोन ओळी मागते, पण रोज. ज्याला हव्या असतात त्याला त्या एखाद्याच दिवशी हव्या असतात, आणि तो दिवस रविवारच्या पुरवणीचा असेलच असं नाही.

नाव छापू नये. यात लाज नाही, ए. ए.ची अकरावी परंपरा (समूहाच्या नियमांना तिथे परंपरा म्हणतात) सांगते की वर्तमानपत्रांच्या पातळीवर सभासदाने निनावी राहावं. शिवाय मी समूहाची प्रतिनिधी म्हणून लिहीत नाही, तसं कोणाला नेमतही नाहीत. वाचक आहे आणि निवृत्त मुद्रितशोधक आहे.

वार आणि नंबर बदलतात, ते कोण तपासणार, हा आपला पुढचा प्रश्न मला माहीत आहे; मीही तोच विचारला असता. मी तपासेन. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक नंबरावर स्वतः फोन करून, माणूस बोलला तरच ओळ कायम ठेवून, सही करून कागद आपल्या कार्यालयात आणून देईन. मोबदला नको. मजकूर असा असावा :

‘दारू सोडू इच्छिणाऱ्यांची मीटिंग : (वार, वेळ, जागा, नंबर). स्त्री-पुरुष दोघांसाठी. शुल्क नाही. घरच्यांसाठी शेजारच्या खोलीत.’

जागा कमी पडली तर ‘शुल्क नाही’ काढा, ते आल्यावर कळतं. ‘स्त्री’ काढू नका.

आपली,
एक वाचक
(नाव व पत्ता कार्यालयाच्या माहितीसाठी सोबत वेगळा जोडला आहे.)